अंड्यापासून वाणापर्यंत

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर देशभरच्या बातम्यांत आलं. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथल्या पोल्ट्री फार्मांवर नोंदवला गेला होता. पशुसंवर्धन खात्याच्या पथकांनी फार्मांवरच्या कोंबड्या मारून पुरल्या, आणि आसपासच्या वस्त्यांतल्या, अंगणात चरणाऱ्या कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. रोग आटोक्यात आणायला दुसरा मार्ग नव्हता. पुढे फार्म पुन्हा भरायचे तर हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं हवी तेवढी मिळतात. अंगणातल्या कोंबडीचं तसं नाही. नवापूर, शेजारचा साक्रीचा भाग आणि पलीकडचा गुजरातचा डोंगरपट्टा हे बुसरा या देशी कोंबडीचं घर आहे. पांढऱ्या अंगावर मानेला, पाठीला, शेपटीला काळी पिसं, खांद्यांवर आणि पंखांवर तांबूस तपकिरी झाक, बांधा लहानसर. ही कोंबडी व्यापारी हॅचरीच्या दरपत्रकात नसते. एका अंगणातली संपली तर ती दुसऱ्या कुणाच्या अंगणातूनच परत यावी लागते.

हौसेनं कोंबड्या पाळणाऱ्याचं काम इथे सुरू होतं. अंडी उबवून पिल्लं काढणं एकवीस दिवसांचं काम आहे आणि ते कुणालाही शिकता येतं. वाण राखणं मात्र वर्षानुवर्षांचं काम आहे, आणि त्यात पिल्लं किती काढली यापेक्षा पुढच्या पिढीसाठी कोणती ठेवली याला जास्त महत्त्व आहे.

अमेरिकेत या हौसेला संघटित रूप फार आधी आलं. तिथली अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन १८७३ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिनं प्रत्येक जातीचं प्रमाण वर्णन छापलं: तुरा कसा, पायांचा रंग कोणता, वजन किती. विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रॉयलर आणि लेअरच्या संकरांनी बाजार व्यापला आणि वर्णनातल्या कितीतरी जाती दुर्मीळ झाल्या. मग २००९ मध्ये ‘लाइव्हस्टॉक कॉन्झर्वन्सी’ या संस्थेनं वारसा-कोंबडी कुणाला म्हणायचं याचे निकष ठरवले. जात जुनी आणि प्रमाणित हवी, नर-मादीचं मीलन नैसर्गिक हवं, पक्षी मोकळ्यावर दीर्घकाळ जगणारा हवा आणि त्याची वाढ सावकाश व्हायला हवी. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. या निकषांतला पक्षी बाजाराच्या वजनाला यायला किमान सोळा आठवडे लागावेत अशी अट आहे.

आपल्याकडे देशी जातींची नोंद कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्था करते. असील, कडकनाथ, निकोबारी, अंकलेश्वर, घागस, तेल्लीचेरी, मिरी, हंसली आणि बुसरा ही त्या यादीतली काही नावं. यादीबाहेर आहे ती गावोगावची गावरान. तिला ठरावीक रंगरूप नाही, पण तिच्यात गुणांचं मोठं भांडार आहे. मानेवर पिसं नसलेली कोंबडी अनेकांना कुरूप वाटते. पण तोच गुण उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला मदत करतो, आणि उष्ण प्रदेशांसाठी नव्या जाती तयार करताना संशोधक तो मुद्दाम वापरतात.

या पक्ष्यांशी आपलं नातं जुनं आहे, आणि त्याचा एक पुरावा कोंबडीच्या पायावर आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा; तो माणसाळला आग्नेय आशियात. त्याच्या कातडीत पिवळेपणा नाही. मग जगभरच्या कोंबड्यांचे पाय पिवळे कुठून झाले? २००८ मध्ये स्वीडिश संशोधकांच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासातून उत्तर मिळालं. पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं आहे. हा पक्षी फक्त भारतात आढळतो, आणि पहाटे सह्याद्रीच्या जंगलात ज्याची तुटक बांग ऐकू येते तो हाच. दुसरा पुरावा ताटात आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये आपल्या असीलचं रक्त वापरून रुंद छातीची कॉर्निश जात घडवली गेली, आणि आजच्या ब्रॉयलरच्या पितृवंशात ती कॉर्निश आहे. म्हणजे ज्या ब्रॉयलरनं देशी कोंबडी बाजारातून हटवली, त्याची छाती देशी कोंबड्याच्या वंशातूनच आलेली आहे. एखादा वाण टिकवला तर त्यातून पुढे काय निघेल हे आधी सांगता येत नाही. असील सांभाळणाऱ्या जुन्या पिढ्यांच्या मनात ब्रॉयलर नव्हता.

आता उबवणीकडे वळू. नवख्या माणसाला आधी मशीन सुचतं. मी म्हणेन, आधी खुडूक कोंबडी पाहा.

काही दिवस सलग अंडी घातल्यावर कोंबडी एकाएकी अंडी थांबवते, खुराड्यातून उठत नाही, पिसं फुगवून बसते आणि जवळ गेलं की घशातून खुडखुडते. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेलं असतं. घरात पिल्लं नको असली की लोक तिचं खुडूकपण मोडायला तिला पाण्यात बुडवतात, नाकात पीस खोचतात. पिल्लं हवी असतील तर हाच मोका. पाटीत किंवा जुन्या डालग्यात तळाला माती, वर सुकं गवत, उवा-पिसवांसाठी थोडी राख आणि कडुलिंबाचा पाला घालावा. रात्री अंधारात तिला उचलून तिथे ठेवावं, म्हणजे ती जागा बदलल्याची तक्रार करत नाही. खाली दहा-बारा अंडी पुरेत. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. ती दिवसातून एकदाच उठते, दाणापाणी करते, विष्ठा टाकते आणि लगबगीनं परत येते. चोचीनं अंडी उलटीपालटी करते, कडेची मध्ये आणते. विसाव्या दिवसाच्या सुमारास कवचातलं पिल्लू चिवचिवू लागतं आणि ती त्याला बारीक आवाजात साद देते. पिल्लू बाहेर येण्याआधीच आईचा आवाज ओळखू लागतं.

गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते आणि संकरित लेअर तीनशे, अशी तुलना सगळे करतात. या हिशेबात एक गोष्ट सुटते. गावरान कोंबडीचे वर्षातले कितीतरी आठवडे उबवण्यात आणि पिल्लं फिरवण्यात जातात, आणि तेवढ्या काळात ती अंडी घालत नाही. लेअरच्या जातींमधून खुडूक होण्याची प्रवृत्ती माणसानं पिढ्यानपिढ्या निवडून काढून टाकली, म्हणून तिला तीनशेचा आकडा गाठता आला. पण ती स्वतःची एक पिढीही पुढे नेऊ शकत नाही. तिला मशीन लागतं, वीज लागते, हॅचरी लागते. गावरान कोंबडीला यातलं काही लागत नाही.

मशीनचेही फायदे आहेत. कोंबडी खुडूक व्हायची वाट पाहावी लागत नाही, एकाच दिवशी पन्नास पिल्लं निघू शकतात. बाजारात लहान इन्क्युबेटर मिळतात, आणि थर्मोकोलचं खोकं, बल्ब, थर्मोस्टॅट व कॉम्प्युटरचा जुना पंखा एवढ्यावर घरी मशीन बांधणारेही पुष्कळ आहेत. ते चालतं. मात्र तापमापक चांगला हवा, कारण सगळा खेळ एका अंशाचा आहे.

अंडी निवडताना फार मोठी, फार लहान, वेड्यावाकड्या आकाराची आणि चिरलेली बाजूला काढावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावर जंतूंना अडवणारा नैसर्गिक थर असतो, तो पाण्यानं निघून जातो. थंड जागी, टोकदार बाजू खाली करून ठेवली तर आठवडाभर चांगली राहतात, त्यानंतर उबण्याचं प्रमाण घसरत जातं. एप्रिल-मेच्या विदर्भात ‘थंड जागा’ मिळणं कठीण. खोलीचं तापमान बरंच वाढलं की अंड्यातला जीव अर्धवट जागा होतो, वाढ धड सुरूही होत नाही आणि थांबतही नाही, आणि तो मरतो. म्हणून आपल्या हवेत हिवाळा हाच उबवणीचा हंगाम.

पंखा असलेल्या मशीनमध्ये ३७.५ अंश सेल्सियस तापमान हवं. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला ते अंशभर जास्त ठेवतात, कारण खाली हवा थंड असते. पहिले अठरा दिवस आर्द्रता पन्नास-पंचावन्न टक्के, शेवटचे तीन दिवस पासष्ट ते सत्तर. अंडी दिवसातून किमान तीन वेळा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ पडद्याला चिकटतो. कवचात हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून ऑक्सिजन आत येतो आणि बाष्प बाहेर जातं. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन बारा-तेरा टक्क्यांनी घटायला हवं. पन्नास ग्रॅमचं अंडं चव्वेचाळीसच्या आसपास यावं. घट कमी झाली तर आतली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटी गुदमरतं. घट जास्त झाली तर पडदा सुकून चामड्यासारखा होतो. कोकणातल्या पावसाळ्यात पहिली अडचण येते, मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दुसरी. म्हणून दुसऱ्याच्या गावचा आकडा तसाच उचलू नये. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर चार अंडी मोजून पाहावीत, उत्तर तिथे मिळतं.

वीज जाणं हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. त्यात दिलासा एवढाच, की गर्भ थोडा गारठा सहन करतो. कोंबडीही रोज उठून जातेच. झाकण न उघडता मशीनवर गोधडी टाकली तर काही तास निभतात. उष्णता मात्र गर्भ सहन करत नाही. तापमान चाळिसाच्या पुढे गेलं तर थोड्या वेळात सगळी अंडी हातची जातात.

सातव्या दिवशी रात्री, अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धरावा. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मध्ये एक काळा ठिपका हलतो. रिकामं अंडं सारखं पिवळसर दिसतं, ते काढून टाकावं. अॅरिस्टॉटलनं रोज एक अंडं फोडून आतली वाढ नोंदवली होती. तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्याएवढं हृदय धडधडताना दिसतं, असं त्यानं लिहून ठेवलं. आज अंडं न फोडता तोच प्रवास पाहता येतो. घरात मूल असेल तर त्याला त्या रात्री झोपवू नये.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवायचं आणि झाकण बंद करायचं. यापुढे सगळ्यात कठीण काम म्हणजे हात आवरणं. पिल्लू आधी आतली पोकळी फोडतं आणि पहिल्यांदा फुप्फुसांनी श्वास घेतं. मग चोचीच्या टोकावरच्या तात्पुरत्या दातानं कवचाला बारीक भोक पाडतं आणि थांबतं. हे थांबणं बारा तासांचं असू शकतं, कधी त्याहून जास्त. बाहेरून वाटतं ते अडकलंय. प्रत्यक्षात त्या वेळात कवचालगतच्या शिरांतलं रक्त त्याच्या अंगात परत जात असतं आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईनं कवच सोललं तर रक्तस्राव होतो. नुसतं झाकण उघडलं तरी आर्द्रता पडते आणि बाकीच्यांचे पडदे आवळतात. पोटात गेलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस अन्नपाण्याविना राहू शकतं, म्हणून सगळी निघून सुकेपर्यंत त्यांना तिथेच राहू द्यावं. पिल्लांची खोकी दूरच्या गावी पाठवता येतात तीही या बलकामुळेच.

बाहेर आल्यावर पहिला आठवडा पस्तीस अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन-एक अंश कमी. इथे तापमापकापेक्षा पिल्लं खरं सांगतात. बल्बखाली गोळा झाली तर गारठली आहेत, भिंतीला टेकून धापा टाकत असतील तर ऊब जास्त आहे, सगळीकडे पसरून टिपत असतील तर ठीक आहे. जमिनीवर भाताचं तूस घालावं. लसीकरणात कुचराई नको. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग एका आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं करतो. पहिल्या आठवड्यात लासोटा, चौथ्याच्या सुमारास तिचीच पुन्हा मात्रा, पुढे देवीची लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्कं करून घ्यावं. आणि बाजारातून किंवा दुसऱ्याकडून आणलेला पक्षी महिनाभर वेगळा ठेवल्याशिवाय आपल्यात सोडू नये.

इथवर आलेला माणूस पिल्लं काढणारा झाला. वाण राखणारा व्हायला त्याला थोडी आनुवंशिकी शिकावी लागते, आणि सुदैवानं ती शिकायला कोंबडीइतका चांगला प्राणी नाही. मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये दाखवलं ते कोंबडीच्या तुऱ्यांवरून. त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पनेट. शाळेत ज्यांच्या चौकोनात अक्षरं भरतात ते हेच. असीलचा तुरा ठेंगणा, तीन ओळींचा असतो. वायनडॉट जातीचा तुरा चपटा, दाणेदार. दोघांच्या पिल्लांना या दोन्हींहून वेगळा, अक्रोडासारखा तुरा येतो, आणि ती पिल्लं आपसांत जुळवली की नातवंडांत चार प्रकारचे तुरे ९:३:३:१ या प्रमाणात निघतात. ज्याच्याकडे या दोन जाती आणि एक वही आहे तो हे अंगणात पाहू शकतो.

वहीला पर्याय नाही. कोंबडी नराचं वीर्य शरीरात साठवून ठेवते आणि कोंबडा वेगळा केल्यावरही दोन-तीन आठवडे फलित अंडी देत राहते. बुसराच्या कोंबडीजवळ शेजारचा गिरिराज जातीचा कोंबडा येऊन गेला असेल तर पुढच्या तीन आठवड्यांतल्या अंड्यांना बुसरा म्हणता येत नाही. तारखा लिहिलेल्या नसतील तर वाण शुद्ध आहे हे केवळ मानायचं.

सगळ्यात मोठा धोका जवळच्या नात्यातल्या पैदाशीचा. घरोघर एक कोंबडा आणि आठ-दहा कोंबड्या असतात. कळपात डोकी अकरा दिसतात, पण पुढच्या पिढीतलं निम्मं रक्त एकट्या कोंबड्याचं असतं. नर आणि माद्यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट काढून तिला दोघांच्या बेरजेनं भागलं की कळपाची खरी ताकद कळते: एक कोंबडा, दहा कोंबड्या म्हणजे ३.६. दर पिढीला नात्यातलं रक्त जवळपास चौदा टक्क्यांनी वाढतं. तीन कोंबडे ठेवले तर तीच संख्या ९.२ होते आणि वाढ साडेपाच टक्क्यांच्या आत येते. नात्यातल्या पैदाशीचे परिणाम हळूहळू दिसतात: अंडी उबण्याचं प्रमाण घटतं, पिल्लं नाजूक निघतात. हौशी माणूस मशीनला दोष देतो, दोष कळपात असतो.

उपाय जुना आहे आणि त्याला पैसा लागत नाही. तीन मित्रांनी एकच वाण तीन घरी ठेवावा. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, ज्या घरच्या त्या घरीच राहतील. कोंबडा मात्र दरवर्षी एकाच दिशेनं पुढच्या घरी जाईल: पहिल्याचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पहिल्याकडे. बहीण-भाऊ एकत्र येत नाहीत, आणि एका घरी रोग आला तरी दोन घरं उरतात. नवापूरच्या प्रसंगात जी भीती होती तिच्यावर सामान्य माणसाच्या हातातला उपाय हाच आहे.

निवड करताना एक गोष्ट मशीनवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावी. जी कोंबडी खुडूक होत नाही ती जास्त अंडी देते, म्हणून मशीनमध्ये तिचीच अंडी जास्त जातात. काही पिढ्यांत, कुणी ठरवलेलं नसताना, कळपातलं आईपण संपतं. म्हणून दरवर्षी थोडी तरी पिल्लं कोंबडीखालीच काढावीत आणि चांगल्या आईच्या तलंगा आवर्जून ठेवाव्यात. पैदाशीला शक्यतो दुसऱ्या वर्षातली कोंबडी घ्यावी. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढून जी टिकली तिची परीक्षा झालेली असते.

निवड म्हटली की बाकीच्यांचं काय, हा प्रश्न येतोच. निघालेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे असतात आणि त्यातले एक-दोनच पैदाशीला लागतात. उरलेले खाण्यासाठी जातात. ज्याला हे मान्य नाही त्यानं कोंबड्या जरूर पाळाव्यात, अंडी खावीत, पण पैदास करू नये. पन्नास कोंबडे सांभाळता न येऊन ते रस्त्यावर सोडणं जास्त क्रूर आहे. गावरान रश्श्याला शहरात गिऱ्हाईक आहे, भाव ब्रॉयलरहून बराच चढा आहे, आणि या मागणीवर देशी वाण जगू शकतात. झुंजीसाठी असील पाळण्याचं समर्थन मी करणार नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं झुंजी लावणं निषिद्ध आहे आणि ते योग्यच आहे.

पैशाच्या मोहाबद्दलही सांगायला हवं. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि काळ्या मांसाच्या या कोंबडीची हवा झाली. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या योजनांत पैसे गुंतवलेले असंख्य शेतकरी फसले. पिल्लं महाग विकायची, अंडी परत विकत घेऊ म्हणायचं, आणि नव्या गुंतवणूकदाराच्या पैशातून जुन्याला द्यायचं, असा तो प्रकार होता. कोंबडीत दोष नव्हता. पण जो वाण फक्त भावासाठी वाढवला जातो तो भाव पडताच सोडून दिला जातो.

म्हणून पहिल्या वर्षी मशीन घेऊ नका. एकच वाण निवडा, शक्यतो आपल्या भागातला. पाळणाऱ्याच्या घरी जाऊन चार तलंगा आणि वेगळ्या घरचा एक कोंबडा आणा, वही घाला, पहिली पिल्लं खुडूक कोंबडीखाली काढा. आणि त्याच वर्षी दुसऱ्या कुणाला तरी त्यातलं एक जोडपं फुकट द्या.